दिवाणकमळ

माझी आत्या घरात कधी मोठ्यानं हसली नाही. पाण्यात मात्र हसायची. तळ्यावरच्या बायकांच्या घाटावरून तिचं हसू पलीकडे म्हशी धुणाऱ्यांना ऐकू जायचं, आणि तीच बाई घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला पदर लावून गप्प व्हायची. ती विधवा होती आणि भावाच्या घरी राहत होती, एवढंच त्याचं कारण. तिचं पाणी कसं गेलं ते मला इथं लिहायचं आहे. ते नेलं शिकलेल्या, इस्त्रीचे कपडे घालणाऱ्या, स्वतःला गावाचं भूषण समजणाऱ्या माणसांनी, आणि त्यांच्या मागे माना डोलावत गेलेल्या आमच्यासारख्या घरांनी. एवढं वय झालं, आता तरी लोकांबद्दल चांगलं बोलावं, असं माझी सून म्हणते. मी प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

आमचं घर बुऱ्हाणपूर शहरात, विणकरांच्या मोहल्ल्याला लागून होतं. भिंतीपलीकडे दिवसभर मागांची खटखट चालायची, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की शुक्रवारी माग बंद असले की आप्पांना दुपारची झोप लागायची नाही. आप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत भूगोल आणि इंग्रजी शिकवायचे. आई दिवसभर स्वयंपाकघरात आणि आत्या तिच्या हाताखाली, असा घराचा रिवाज होता. खरं तर हात आत्याचाच असायचा. कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी ती अशी थापायची की तव्यावर पडताना आवाज व्हायचा नाही. केळफुलाची भाजी करायची तर तासभर बसून एकेक फूल सोलायची, बोटं काळी व्हायची, आणि जेवताना आई सांगायची, आज मी केळफूल केलं बरं का. दिवाळीत दराबा करायचा म्हणजे रवा, तूप आणि साखर हातानं फेटत बसायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. शेजारच्या बायकांचे हात भरून यायचे. आत्या न थांबता फेटायची, कारण तिचे दंड पोहून पोहून गड्यासारखे झाले होते. पण तोच दराबा देवापुढे ठेवायला तिला परवानगी नव्हती. सणाच्या दिवशी ती मागच्या पडवीत बसायची आणि तिथूनच सूचना द्यायची. हे कुणाला वावगं वाटत नसे, मलाही वाटत नसे. आता हे आठवलं की माझ्याच घराची मला किळस येते.

पहाटे अंधार फिटता फिटता ती मला उठवायची आणि आम्ही लालबागेपलीकडच्या तळ्यावर जायचो. ही तिची एकुलती एक चैन. तिच्यावर घरात कुणी हरकत घेत नसे, कारण परतताना ती देवाची फुलं आणि तुळस घेऊन यायची. मोहल्ल्यातल्या अर्ध्याअधिक मुली तिच्या हाताखाली पोहायला शिकल्या. पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि घाटावरून ढकलून द्यायचं, ही तिची पद्धत. वरून ओरडत राहायची, "पाय मार, पाय! पाण्यावर भाकरी थापून राहिली का?" मुलगी नाकातोंडात पाणी जाऊन खोकायला लागली की म्हणायची, "पी, पी, गोड आहे. आपल्या घरी असं गोड पाणी कुठंय?" मग स्वतः लुगड्याचा काचा मारून आत शिरायची आणि मधल्या खोल पाण्यापर्यंत जाऊन उताणी पडून राहायची. मी घाटावर बसून बघायची. तिचा चेहरा तेव्हा घरातल्यासारखा नसायचा. त्या बाईला एक सबंध तळं मिळालं होतं आणि बाकी काहीही नव्हतं.

ती सगळी जोडाजोडीची वर्षं होती. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली आणि आप्पांना भूगोलाच्या तासाला काय शिकवावं कळेना. नकाशा लावावा तर तो भिंतीवरच जुना व्हायचा. संस्थानं मोडली, त्यांची राज्यं झाली, तीही मोडून आमच्यात मिसळली, आणि मोडलेल्या दरबारांमधले कारभारी सरकारी नोकर होऊन गावोगाव पसरले. आमच्या वाट्याला आले ते दिवाणजी. दिवाण ते कधीच नव्हते. एका टीचभर संस्थानात दिवाणाच्या कचेरीत कामाला होते. पण गाव आमचं मोठं उदार, त्यांनी मागण्याआधीच त्यांना पदवी देऊन टाकली. माणूस गोरा, जाडा, अत्तर लावणारा. त्यांचं प्रत्येक वाक्य "हमारे यहां तो" असं सुरू व्हायचं. हमारे यहां तो आम ऐसे नहीं होते थे. हमारे यहां तो गर्मी भी तमीज से पड़ती थी. गावातले वकील, व्यापारी आणि मास्तर त्यांच्या बैठकीत बसून हे ऐकायचे आणि घरी येऊन आपल्या बायकांना आपल्या आंब्यांत काय खोट आहे ते सांगायचे.

त्यांच्या संस्थानात राजाचं तळं होतं आणि राजाच्या होड्या होत्या. राज्य गेलं, होड्या लिलावात निघाल्या, आणि दिवाणजींनी त्या आमच्या गावासाठी मिळवल्या. शहाण्या माणसाला तळं दिसलं की पाणी दिसतं. यांना सहल दिसली. होड्या मालगाडीनं लालबागच्या स्टेशनात उतरल्या आणि बैलगाड्यांवर चढवून मिरवत तळ्यावर नेल्या. सगळं गाव बघायला लोटलं होतं. पांढरा रंग, पुढे हंसाची मान, आणि एका हंसाची चोच प्रवासात मोडलेली. तळाशी कुजकट पाणी होतं, त्यात गोल हिरवी पानं चिकटलेली. सोबत दोन मोठ्या कुंड्या होत्या, त्यांत तीच पानं टवटवीत, आणि मधोमध निळसर जांभळ्या फुलांचा तुरा. दिवाणजी हारतुरे बाजूला सारून आधी कुंड्या उतरवायला धावले. "संभाल के, ये महाराज के तालाब की शान है," ते म्हणाले. ती शान त्यांनी स्वतःच्या हातानं आमच्या तळ्यात सोडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

नौकाविहार मंडळ निघालं. त्याच्या एकाही सभासदाला पोहता येत नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आप्पांना इंग्रजी येतं म्हणून त्यांना चिटणीस केलं, आणि माझे साधे, धोतर नेसणारे वडील पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन आले. रोज संध्याकाळी ते बुटांना खडू लावायचे. आई कौतुकानं बघायची. रविवारी मंडळी होडीत बसून तळ्याच्या मध्यापर्यंत जायची, तिथं चहा प्यायची आणि परत यायची. होड्या वल्हवायला गडी ठेवले होते, सभासद फक्त बसायचे. याला ते व्यायाम म्हणायचे. पुढे पुढे तेवढ्यानं भागेना. मग होड्या गाडीवर घालून कधी तापीच्या घाटावर, कधी आसपासच्या गावांच्या तलावांवर सहली निघू लागल्या. तळाशी पाणी आणि पानं तशीच असायची. होडी धुऊन, वाळवून मग दुसऱ्या पाण्यात घालावी, एवढं साधं शहाणपण आमच्या आईला हंड्यांच्या बाबतीत होतं. पण हंडा ही बायकांची गोष्ट आणि होडी ही सभासदांची.

फूल सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. एका पाकळीवर मोराच्या पिसासारखा पिवळा डोळा असायचा. खुडलं की मात्र संध्याकाळच्या आत मान टाकायचं. लोक त्याला दिवाणकमळ म्हणू लागले. आमच्या मोहल्ल्याचे शास्त्रीबुवा, ज्यांनी आयुष्यात तळं फक्त श्राद्धापुरतं पाहिलं होतं, त्यांनी एका संध्याकाळी दिवाणजींचा चहा पिऊन निकाल दिला की हेच पुराणातलं नीलकमळ, लक्ष्मीचं मूळ आसन. महालक्ष्म्यांना वाहिलं तर घरात काही कमी पडत नाही. आणि खुडलेलं सुकतं म्हणून मुळासकट आणून घंगाळात ठेवावं, देवीसमोर तीन दिवस टवटवीत राहतं. झालं. त्या भाद्रपदात बुऱ्हाणपुरात असं घर उरलं नसेल जिथं देवीपुढे घंगाळात ते झुडूप तरंगत नव्हतं.

आत्याचं सासर निंबोल्याला. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापानं गेला. केळीची बाग, बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, एकत्र घर. दिरानं आणि जावेनं तिला "चार दिवस भावाकडे जाऊन या" म्हणून पाठवलं, ती चार दिवसांसाठी आलेली बाई आमच्याकडे राहिली. तिला कुणी हाकललं नाही आणि परत बोलावलंही नाही. पण सासरच्या महालक्ष्म्यांना ती दर वर्षी काही ना काही पाठवायची. ज्या देवीपुढे तिला उभं राहू देत नव्हते, तिच्यासाठी दुरून का होईना खण, नारळ जायचा. त्या वर्षी तिनं स्वतः पोहत जाऊन तळ्याच्या मध्यातली सगळ्यांत भरलेली झुडपं काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली, टोपलीत घातली, आणि आप्पांबरोबर निंबोल्याला पाठवली. टोपली भरताना ती खूश होती. जावेला असलं फूल बघायलाही मिळालं नसेल, असं ती आईला म्हणाली.

आता सणानंतर काय होतं, ते आमच्या लोकांना सांगायला नको. देवाला वाहिलेलं निर्माल्य कुणी उकिरड्यावर टाकत नाही. पायदळी आलं तर पाप. ते पाण्यात सोडायचं. हार, पत्री, फुलं सुकून गेलेली असतात, पाण्यात कुजतात, संपतात. हे निर्माल्य मात्र मुळांसकट जिवंत होतं. सबंध गावानं ते कपाळाला लावलं, हात जोडले आणि आपापल्या पाण्यात सोडून दिलं: कुणी नदीत, कुणी ओढ्यात, कुणी शेतातल्या विहिरीत. होड्यांनी जे दोनचार ठिकाणी नेलं असतं, ते आमच्या भक्तीनं घरोघर पोचवलं. आता दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात जलपर्णीचे फोटो येतात, यंत्रं आणतात, पुढारी काठावर उभे राहून हात दाखवतात. ते बघून मला हसू येतं. आमच्या गावात ती आली तेव्हा तिची पूजा झाली होती, आरतीसकट.

होळीपर्यंत तळं अर्धं हिरवं झालं. मंडळाच्या सभासदांना आपल्या बाजूचं पाणी मोकळं हवं होतं, म्हणून गडी बांबूनं ते सगळं रान ढकलून बायकांच्या घाटाकडे लोटायचे. रोज सकाळी आम्ही जायचो तर घाटाची खालची पायरी दिसायची नाही. आत्या कंबरभर पाण्यात उभी राहून उपटायची. दंडांवर पुरळ उठायचे, डासांनी पाय फुटायचे. उपटलेली झुडपं हातात धरून ती इकडेतिकडे बघायची. जमिनीवर फेकावीत तर देवीचं फूल पायाखाली येणार. मग ती पोहत थोडी पुढे जायची आणि तिथं पाण्यात अलगद सोडून यायची. दुसऱ्या दिवशी ती परत घाटाला लागलेली असायची. बाकीच्या बायका हळूहळू यायच्या बंद झाल्या. मुलींचे भोपळे आमच्या पडवीत टांगलेले राहिले.

एक दिवस तिनं आप्पांना म्हटलं, मला तुमच्या साहेबांना भेटायचं आहे. आप्पा गडबडले. "अक्का, मी बोलतो ना," म्हणाले. "तू बोलून राहिला सहा महिने," ती म्हणाली. शेवटी संध्याकाळी आम्ही तिघं तळ्याकाठच्या मंडळाच्या छपरीत गेलो. दिवाणजी वेताच्या खुर्चीत होते, बाजूला शास्त्रीबुवा भजी खात होते. बायकांसाठी खुर्ची नव्हती. आत्या उभी राहून, डोक्यावरचा पदर धरून बोलली.

"साहेब, आमच्या घाटावर ते कमळ नका ढकलू. बायकांना पाण्यात उतरता येत नाही."

दिवाणजींनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी हिंदीत सांगितलं, पण सांगताना त्या वाक्यातला 'नका' गाळून टाकला. काही होऊ शकतं का ते बघावं, असं काहीतरी ते पुटपुटले.

"बहनजी," दिवाणजी हसून म्हणाले, "हमारे यहां तो अच्छे घर की औरतें तालाब में नहाती ही नहीं थीं. ये तो एक तरह से परदा हो गया. आपके लिए अच्छा ही है."

"मला परदा नको. पाणी पाहिजे."

"घर में नल लग रहा है ना? मास्टरजी, नल की अर्जी दी कि नहीं?"

"दी है साहब," आप्पा म्हणाले.

शास्त्रीबुवांनी भज्याचा तुकडा गिळला आणि बोलले, "बाई, लक्ष्मी पायऱ्यांपर्यंत चालत आली, आणि तुम्ही तिला हाकलायला सांगता? विधवेच्या तोंडी हे शोभत नाही."

आत्या आप्पांकडे बघत राहिली. आप्पांनी बुटांकडे बघितलं. त्या दिवशी बूट नुकतेच पांढरे केलेले होते. मला त्या तिघा पुरुषांची भयंकर चीड आली. दिवाणजी मूर्ख होते, शास्त्रीबुवा ढोंगी होते, पण माझे वडील दोन्ही नव्हते. त्यांना सगळं कळत होतं, आणि तरी ते चिटणीस राहिले. मी वडिलांवर प्रेम करत आले, पण त्या संध्याकाळी उतरलेला त्यांचा भाव पुन्हा चढला नाही.

पुढे महिनाभरात तळं पुरतं मिटलं. मंडळानं भोपाळच्या कुणा पाहुण्यांसाठी शर्यत ठेवली, तर हंस जागचे हलेनात. वल्ही झुडपात अडकली आणि शेवटी दोर लावून म्हशींनी होड्या बाहेर ओढल्या. पाहुणे सौजन्यानं टाळ्या वाजवत होते. लगेचच दिवाणजींची बदली झाली. निरोपाला आप्पांनी हार घातला, इंग्रजीत भाषण केलं. दिवाणजींच्या सामानात दोन कुंड्या होत्या, ओल्या गोणपाटात नीट बांधलेल्या. नव्या गावाला तळं आहे का, असं कुणीतरी विचारलं. "बहुत बढ़िया तालाब है," ते म्हणाले.

आत्या आता मोरीत बादलीनं अंघोळ करू लागली. भाकरी तव्यावर टाकताना आवाज येऊ लागला. जेवायला सगळ्यांच्या मागून बसायची आणि अर्धवट उठायची. मी विचारलं, "आत्या, बरं नाही का?" तर म्हणाली, "बरं काहून नसंल? अंग जड झालं थोडं." तिचे दंड ओघळले. ती एकदम म्हातारी दिसू लागली, आणि घरात ते फक्त मला दिसलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, तिची पूजा करतात, नैवेद्य दाखवतात. आत्याच्या नवऱ्याची घागर निंबोल्याच्या घरी भरायची, आणि ती त्यानंच उपसून बांधून घेतलेल्या बावडीच्या पाण्यानं, असा तिथला रिवाज होता. वर्षातून तेवढ्या एका दिवशी तिला सासरी जाता यायचं. त्या वर्षी मीही बरोबर गेले. मोटारीतून उतरून आम्ही बागेतून चालत गेलो. केळीच्या सावलीत गारवा होता आणि आत्या भराभर चालत होती. वाटेत तिनं मला सांगितलं, "पोहायला मी इथंच शिकली सुमे. तुझ्या आतोबांनी शिकवलं. दुपारची सगळी माणसं झोपली की आम्ही दोघं बावडीत. सासूला वाटायचं मी धुणं धुऊन राहिली." हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना ती लाजली.

बावडीच्या काठावर आलो आणि ती थांबली. खाली पाणी नव्हतंच. म्हणजे असणार, पण काठापासून काठापर्यंत जाड हिरवी पानं होती आणि त्यांच्यावर दिवाणकमळाचे तुरे डुलत होते. तिची जाऊ काशीबाई मागून आली, हात जोडून म्हणाली, "बघा बाई, तुम्ही पाठवलेली लक्ष्मी कशी भरभरून फळली. निर्माल्य सोडलं इथंच. आता पंपही पाणी ओढत नाही, घागर मी टाकीच्या पाण्यानं भरून ठेवली. पण देवीचं आहे, हात लावायची कुणाची छाती?"

आत्या एका पायरीवर बसली. मला वाटलं रडेल. तिनं उठून काचा मारला, पायऱ्या उतरून छातीइतक्या पाण्यात गेली आणि उपटायला लागली. दोन्ही हातांनी गठ्ठेच्या गठ्ठे ओढून वरच्या पायरीवर फेकायची. मला हाक मारली, "सुमे, ती टोपली घे अन् हे उकिरड्यावर नेऊन टाक."

मी तिथंच उभी. काशीबाई किंचाळली, "बाई! उकिरड्यावर? महालक्ष्मीला वाहिलेलं आहे ते! शेण पडतं तिथं!"

"देवीला पाहिजे असंल तर घेऊन जाईल उकिरड्यावरून," आत्या म्हणाली.

"पाप लागेल घराला!"

"घराला काहून? मला लागू दे. नवरा नेला, घर नेलं, तळं नेलं. आता आणखी काय नेणार आहे ती माझ्याकडून? सुमे, उचल."

मी उचललं. पहिल्या टोपलीला मी मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली, हे खरं. मग तेही सोडलं. शेणावर ते फूल पडलेलं बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी आणखी धावत जाऊ लागले. उन्हात तासाभरात ती पानं लोळली, तुरे काळे पडले. एवढं सोपं होतं ते. सबंध गावातल्या एका माणसानं जरी सुरुवातीलाच हे केलं असतं, तर माझ्या आत्याचं तळं राहिलं असतं. पण उकिरड्यावर टाकायला लागणारी अक्कल आमच्याकडे नव्हती. पाण्यात सोडायला अक्कल लागत नाही, नुसते हात जोडले की पुरतं.

आत्याचा दीर नारायणभाऊ आला, बायकोचं ऐकून काठावर उभा राहिला. खाली मोकळं पाणी दिसायला लागलं होतं. काळं, गार. आत्यानं त्याच्यातून घागर भरली, डोक्यावर घेऊन वर आली, अंगणात टाकीच्या पाण्याची घागर होती ती केळीच्या आळ्यात रिकामी केली आणि तिच्या जागी ही ठेवली. ओल्या लुगड्यानंच तिनं तिची पूजा केली, आणि तिला कुणी थांबवलं नाही. मग दिराला म्हणाली, "भाऊ, आमच्या खोलीची किल्ली द्या."

"कशाला, वहिनी?"

"राहायला. रोज थोडं उपटावं लागंल, नाही तर परत भरंल बावडी. तुमच्या पंपालाही पाणी होईल."

नारायणभाऊनं बायकोकडे बघितलं, मग घागरीकडे. एरवी त्यानं काही ना काही सबब काढली असती, तो तसलाच माणूस होता. पण थोरल्या भावाची घागर समोर भरलेली असताना त्याच्या बायकोला नाही म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं कमरेच्या जुडग्यातून किल्ली काढून दिली.

संध्याकाळी आप्पा आम्हाला न्यायला आले तेव्हा आत्या बावडीत पोहत होती. आप्पा त्यांच्या पांढऱ्या बुटांनी ओल्या पायऱ्या उतरून अर्ध्यावर येऊन थांबले. "अक्का, चल, मोटार सुटेल."

"मी येत नाही. राहून राहिली इथं."

आप्पांना वाटलं ती चिडून बोलते आहे. त्यांनी समजूत काढली, मग रागावले, मग त्यांचा आवाज बारीक झाला. "माझ्या घरात तुला काय कमी होतं ग?"

ती पोहत काठाशी आली, पायरीला धरून राहिली. "काही कमी नव्हतं रे. तू कधी तुटकं बोलला नाहीस, उपाशी ठेवलं नाहीस. पण त्या दिवशी छपरीत मी पाणी मागितलं, अन् तू माझ्यासाठी नळाची अर्जी दिली." ती वळली आणि मध्यावर जाऊन उताणी पडली. मला म्हणाली, "सुमे, सुट्टीत ये. भोपळा नको आणू आता, मोठी झाली तू." आणि हसली, मोठ्यानं. बावडीच्या दगडी भिंतींमध्ये ते घुमलं. काशीबाईनं वरून डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मोटारीत आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. बाहेर केळीच्या बागा मागे जात होत्या. लोकांच्या तोंडी येण्याची त्यांना भयंकर भीती, आणि उद्या शाळेत, मोहल्ल्यात, शास्त्रीबुवांच्या ओट्यावर प्रश्न येणार, हे त्यांना दिसत होतं. विधवा बहीण भावाचं घर सोडून गेली, म्हणजे भावानं काहीतरी केलं असणार, असंच लोक म्हणतात. लालबाग जवळ आली तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. मास्तरकीतला सगळा आवाज गेलेला होता.

"सुमे, आता लोकांना काय सांगायचं?"

"सांगा," मी म्हटलं, "ती पोहायला गेली."